हरलो, हे ज्याचं त्याने म्हणायचं

शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, डाव संपला की पंच येऊन निकाल सांगत नाही. राजा मरेपर्यंतही सहसा कुणी खेळत नाही. ज्याच्या हातून डाव गेला त्याने ते स्वतः ओळखायचं, पाठ ताठ करायची, मान झुकवायची आणि समोरच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं, ‘माकेमाशिता’. हरलो. समोरचाही वाकतो. त्यानंतर दोघं लगेच उठून जात नाहीत. सोंगट्या पुन्हा मांडतात आणि तोच डाव परत बघतात: कुठे बिघडलं, तिथे दुसरं काय खेळता आलं असतं. आत्ताच ज्याने हरवलं, त्याच्याच समोर बसून.

मी सांगलीची. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या, त्यामुळे पटासमोर रडणारी मुलं मला नवी नाहीत. पण बुद्धिबळात घड्याळ थांबवलं, हात पुढे केला की सुटका होते, तोंड उघडावं लागत नाही. इथे जपानमध्ये आमच्या भागातल्या सार्वजनिक सभागृहात रविवारी शोगी चालतं, मुलाला घेऊन मी जाते. परवा तिथे दुसरीतिसरीतला एक मुलगा एका आजोबांपुढे हरला. पट त्याला कळत होता. ओठ थरथरत होते, डोळे भरले होते, शब्द मात्र फुटत नव्हता. आजोबा थांबले. मागे उभी असलेली त्याची आईही थांबली. ‘असू दे रे बाळा’ असं एकाही माणसाच्या तोंडून आलं नाही. मला इतका राग आला की मीच पुढे होणार होते. आपल्याकडे एव्हाना चार हात त्याच्या पाठीवरून फिरले असते, कुणीतरी खिशातून गोळी काढून दिली असती. शेवटी तो बोलला. आवाज चिरकला, पण बोलला. आजोबा चांगले खाली वाकले, जसे एखाद्या बरोबरीच्या माणसापुढे वाकतील. आणि दहा मिनिटांनी तोच मुलगा, नाक पुसत, ‘इथे उंट टाकला असता तर?’ म्हणून आजोबांशी वाद घालत होता.

माझा राग गेला नाही पूर्ण. पण त्या रात्री मी रेई किरियामाची मालिका पुन्हा सुरू केली, आणि हे सगळं लिहायचं कारण तो आहे.

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, म्हटलं की घरच्या ग्रुपवर तलवारी आणि राक्षस येतात. भाच्यांना त्यातली नावं पाठ आहेत, आणि मोठी माणसं मला विचारतात, ‘तू अजून कार्टून बघतेस?’ हो, बघते. चिका उमिनो यांची ‘सान्गात्सु नो लायन’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2007 पासून येते आहे. शाफ्ट स्टुडिओने तिच्यावर केलेली मालिका एनएचके या जपानी वाहिनीवर ऑक्टोबर 2016 ते मार्च 2018 या काळात दोन हंगामांत दाखवली गेली, एकूण 44 भाग. सतरा वर्षांचा एक मुलगा, व्यावसायिक शोगी खेळाडू, टोकियोत नदीकाठच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. त्याच्या मनात काय चाललंय हे त्याचं त्यालाच कळायला लागतं, एवढीच गोष्ट. त्यासाठी 44 भाग लागतात, आणि मला ते कमी वाटतात.

कथेत रेई हा मधल्या शाळेत, म्हणजे आपल्या सातवी ते नववीच्या वयात, व्यावसायिक झालेला इतिहासातला पाचवा खेळाडू. खऱ्या जगात तोवर असे चारच होते: कातो, तानिगावा, हाबू आणि वातानाबे. मालिका सुरू झाली त्याच महिन्यात, ऑक्टोबर 2016 मध्ये, चौदा वर्षांचा सोता फुजिई खरोखरचा पाचवा ठरला. 2023 मध्ये त्याने आठही किताब एकाच वेळी स्वतःकडे आणले. इथे चहाच्या दुकानातही त्याचं नाव निघतं. पण फुजिईला शोगी मनापासून आवडतं, हे त्याच्याकडे नुसतं बघून कळतं. रेईचं तसं नाही. रेईच्या सगळ्या आयुष्याखाली एक खोटं आहे.

त्याचे आईवडील आणि धाकटी बहीण अपघातात जातात. अंत्यविधीच्या वेळी नातेवाईक या मुलाचं काय करायचं याची चर्चा करत असतात. वडिलांचे मित्र कोदा, स्वतः व्यावसायिक खेळाडू, त्याला विचारतात, ‘तुला शोगी आवडतं का?’ आणि तो ‘हो’ म्हणतो. आवडत नसतं. पण हे घर मिळालं नाही तर दुसरं नाही, हे त्या वयात त्याला कळलेलं असतं.

बाबा इथे राहायला आले होते तेव्हा हा प्रसंग मी त्यांना दाखवला, खालच्या ओळींचा अर्थ सांगत. माझे बाबा शिकायला मिरजेला त्यांच्या मामांकडे राहिले. मामा-मामी चांगले होते, हे ते नेहमी आधी सांगतात. त्यानंतर एवढंच, की अंथरूण सगळ्यांच्या आधी आपण गुंडाळायचं, दुसरी पोळी मागायची नाही, आणि मामेभावापेक्षा मार्क जास्त पडले की प्रगतिपुस्तक दोन दिवस दप्तरातच ठेवायचं. मी म्हटलं, ‘बघा बाबा, हे त्याचं पहिलं खोटं.’ बाबा म्हणाले, ‘अगं, खोटं कसलं? दुसरं काय बोलणार होता तो?’

कोदांच्या घरात रेई त्यांच्या मुलांपेक्षा, क्योको आणि आयुमुपेक्षा, चांगला खेळायला लागतो. मुलं हरत जातात, वडील त्यांना शोगी सोडायला लावतात, आणि घर आतून उसवत जातं. रेई कुठेतरी कोकिळेबद्दल वाचतो: दुसऱ्याच्या घरट्यात वाढणारं, घरट्यातली मूळ पिल्लं बाहेर ढकलणारं पिल्लू. ते आपणच, असं तो ठरवून टाकतो. आपल्याकडे कोकिळेचं कौतुक होतं आणि फसला म्हणून कावळ्याला हसतात. त्या पिल्लाला काय वाटत असेल, हा प्रश्न आम्हाला शाळेत कुणी घातला नव्हता. बाबा या भागात काही बोलले नाहीत. चहाला उठले, आणि मला पुढचं थांबवून ठेवायला सांगितलं.

मला या मालिकेचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटतं, तर रेईला स्वतःविषयी कळत जातं ते सगळं गोड नसतं. नाताळच्या सुमारास तो एका उतारवयीन खेळाडूला हरवतो. त्या माणसाचा संसार मोडतोय, मुलीसाठी घेतलेली भेट तो तिथेच विसरून जातो. रेई पिशवी घेऊन त्याच्यामागे धावतो, आणि तो माणूस ती हिसकावून घेतो, चिडतो. तेव्हा हा गरीब, शांत, सगळ्यांना ‘सॉरी’ म्हणणारा मुलगा बागेत जाऊन ओरडतो. मी सगळं पणाला लावून खेळतो, बाकी सगळं सोडून दिलंय, मग तुम्ही कच्चे आहात त्यात माझा काय दोष? लांडग्यासारखा ओरडतो. एखाद्या सज्जन मुलाच्या पोटात इतका संताप असू शकतो हे आपल्या मालिकांमध्ये मी बघितलेलं नाही. आपल्याकडचा अनाथ मुलगा एकतर आयुष्यभर उपकारांची जाण ठेवतो, नाहीतर वाया जातो.

मग शिमादा येतो. यामागाताचा, पोट सतत दुखणारा, अकाली म्हातारा दिसणारा. रेईचं लक्ष त्याच्या पुढच्या फेरीतल्या प्रतिस्पर्ध्याकडे असतं, शिमादाला तो हिशेबातच धरत नाही. शिमादा त्याला चारी मुंड्या चीत करतो. डाव चालू असताना रेईला उमगतं की आपण समोर बसलेल्या माणसाकडे एकदाही बघितलेलं नाही. ती लाज तो अनेक दिवस वागवतो, आणि शेवटी ज्याने हरवलं त्याच्याच अभ्यासगटात जाऊन ‘मला घ्या’ म्हणतो. रविवारच्या त्या छोट्या मुलाने दहा मिनिटांत जे केलं, त्यासाठी या मुलाला आठवडे लागतात. त्याला ते मागायला लावतात त्याचे हायाशिदा सर, जे गच्चीवर त्याच्याबरोबर डबा खातात. एकट्याने झेपेनासं झालं तर कुणाचा तरी आधार घे, नाहीतर तुझा आधार घ्यायलाही कुणी धजणार नाही, अशा अर्थाचं ते सांगतात. मी हे ऐकून मालिका थांबवली होती. आमच्या घरात ‘कुणाला त्रास द्यायचा नाही’ ही शिकवण, आणि जपानमध्ये तर तीच आणखी कडक. दोन्हीकडे वाढलेल्या माणसाला हे वाक्य कुणीतरी सांगायला हवं होतं.

याचा एक खरा धागाही आहे. मालिकेतल्या आणि मांगातल्या डावांची देखरेख मानाबू सेन्झाकी या व्यावसायिक खेळाडूकडे होती. 2017 च्या उन्हाळ्यात ते नैराश्याने आजारी पडले, रुग्णालयात राहिले, स्पर्धांतून रजा घेतली. दुसरा हंगाम दाखवला जात होता तेव्हा ते त्यातून सावरत होते. 2018 मध्ये ते पटावर परतले आणि त्याच वर्षी या आजारावर स्वतःच्या नावाने पुस्तक लिहिलं. साधे साधे शोगी-प्रश्नही सुटत नव्हते, हे एका मोठ्या खेळाडूने छापून सांगितलं. मला ही गोष्ट रेईच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही.

आता कावामोतो बहिणी. नदीपलीकडच्या त्या लाकडी घरातल्या आकारी, हिना आणि मोमो यांच्यामुळे मला ही मालिका घरची वाटते. दारू पाजून रस्त्यात सोडून दिलेल्या रेईला आकारी उचलून घरी आणते, आणि पुढे त्याच्या पानात वाढतच राहते. ते घर जिथे कल्पिलंय तो त्सुकुदा-त्सुकिशिमाचा भाग खराच आहे. सुमिदा नदीवरचा मोठा चुओ पूल, जुन्या वस्तीतला छोटा लाल पूल, सोया सॉसमध्ये आटवलेल्या मासळीची दुकानं. सांगलीहून येणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे नेते, कृष्णेचा घाट सुटल्यापासून नदीकाठ बघितला की मला बरं वाटतं. ओबोनला, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, हिना एकटीच नदीकाठी जाऊन गेलेल्या आईसाठी रडते. रेई तिच्यामागे जातो आणि त्याच्या लक्षात येतं की आपण आपल्या आईवडिलांना आठवणंच बंद केलंय. आपण पक्ष पंधरवड्यात पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो, पण त्या दिवशी घरात कुणी मोकळं रडलेलं मला आठवत नाही. स्वयंपाकाचीच घाई असते.

दुसऱ्या हंगामात वर्गातल्या छळ होणाऱ्या मैत्रिणीची बाजू घेतल्यामुळे हिनाचाच छळ सुरू होतो. ती घरी येऊन ढसाढसा रडते, आणि रडत रडत सांगते की मी केलं ते चुकीचं नव्हतं. रेईला शाळेत कुणी कधी असं वाचवलं नव्हतं. त्याला वाटतं, हिने मागे जाऊन लहानपणीच्या मला वाचवलं. मग तो काय करतो? पैसे मोजायला लागतो. शाळा बदलावी लागली तर खर्च किती, बक्षिसं किती जिंकावी लागतील. हायाशिदा सर त्याला अडवतात: तिला काय हवंय हे तिला विचारलंस का? हा प्रसंग बघून मी फार वेळ स्वस्थ बसू शकले नाही. परदेशात राहणारी माझ्यासारखी माणसं प्रेम बऱ्याचदा असंच करतात, बँकेतून. आणि त्यातही प्रेम असतं, हे मी ठामपणे सांगेन. रेईचं असतंच. शिमादाच्या गावची माणसंही त्याला शोगी खेळायला दूर टोकियोला जाऊ देतात, आणि दूर राहून त्याचं गावावरचं प्रेम कमी झालं असं मालिकेत कुणी म्हणत नाही.

त्याच काळात नवोदितांच्या स्पर्धेच्या अंतिम डावात रेई घाईने एक अविचारी खेळी करायला निघतो. त्याला आजारी मित्र निकाइदोचं ओरडणं आठवतं: स्वतःला जप, तुझा डाव जप. निकाइदोला बघताना इथल्या शोगीप्रेमींना सातोशी मुरायामा आठवतात, लहानपणापासून आजाराशी झुंजत खेळलेले आणि 1998 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी गेलेले. रेई हात मागे घेतो, सावकाश खेळतो, जिंकतो, आणि तिथून थेट क्योतोला, शाळेच्या सहलीत एकटी पडलेल्या हिनाला शोधत कामो नदीवर पोचतो. यावेळी पैसे घेऊन नाही. पोटदुखीची औषधं घेऊन, आणि तिच्याशेजारी बसायला.

सुरुवातीचे दोन भाग संथ आहेत, पहिल्या भागात तर बराच वेळ कुणी बोलतच नाही. तिथे सोडू नका. छळाचे भाग चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर बसून बघा, त्यांना एकटं लावून देऊ नका. शोगीचे नियम यायची गरज नाही. मारलेली सोंगटी आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येते, एवढं माहीत असलं तरी पुरे. बाबांनी सांगलीला परत गेल्यावर उरलेले भाग भाचीकडून लावून घेतले आहेत. परवा फोनवर त्यांनी तक्रार केली, की शिमादा मोठ्या किताबाच्या लढतीत चारही डाव हरला हे मी आधी सांगायला हवं होतं, आणि तिसरा हंगाम कधी येणार ते चौकशी करून कळव.