जातं शोभेला ठेवू नका, दळायला ठेवा

थंडी सुरू झाली की मुंबईत कुठे ना कुठे ग्रामीण वारशाचा कार्यक्रम लागतोच. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर जातं, शेजारी सूप आणि कंदील, पुढे 'हात लावू नये' अशी पाटी. लोक जात्याबरोबर फोटो काढतात, भजी खातात आणि घरी जातात. दरवर्षी असा कार्यक्रम करणाऱ्या स्थानिक इतिहास मंडळांना आमचं सांगणं एवढंच, की वस्तू चारच असू द्या, पण चालू असू द्या.

आधी तारीख. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो म्हणून काही जण तोच दिवस धरतात. त्या दिवसांत भर दुपारी कोणाला दहा मिनिटं मुसळ मारायला लावून बघा. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हे दिवस उत्तम. नवं भात हाताशी असतं, हवा कोरडी असते, सारवलेलं वाळतं.

आता जातं. सव्वा फूट व्यासाच्या, अडीच-तीन इंच जाडीच्या दगडी तळ्या (जात्याचे खालचा-वरचा दगड) असतील तर दोन्ही मिळून ४०-४५ किलो भरतात. त्या वेगवेगळ्या न्या, मध्ये गोणपाट घाला. कडा एकमेकींवर आपटली की टवका उडतो आणि मग त्या जागेतून भरड पडत राहते.

मांडण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे जातं फिरवायचा लाकडी खुंटा. वर्षानुवर्षं कपाटावर पडून लाकूड आटतं आणि खुंटा हातात येतो. आदल्या रात्री त्याचं खालचं टोक पाण्यात भिजवून ठोकला तर फुगून घट्ट बसतो. तरीही हलत असेल तर चिंधी गुंडाळून ठोका.

दुसरी, मधली खीळ. वरच्या तळीच्या तोंडात आडवी लाकडी माकडी असते, ती या खिळीवर टेकून फिरते. खीळ झिजून बसकी झाली की दगडावर दगड घासतो, पीठ गरम होतं आणि कचकच येते. खीळ उंच राहिली तर वरची तळी अधांतरी फिरते आणि दाणे अख्खेच बाहेर पडतात. इथेच जुन्या बायकांची साधी युक्ती आहे. डाळ भरडायची असली की खिळीभोवती चिंधीचा वेढा घालायचा, तळी तेवढीच उचलली जाते. पीठ दळायचं असलं की चिंधी काढायची. प्रेक्षकांसमोर तेच जातं आधी चिंधी घालून आणि मग काढून चालवून दाखवा. अर्ध्या तासाच्या भाषणात जे कळत नाही ते इथे दोन मिनिटांत कळतं.

तिसरी, टाकी, म्हणजे तळीच्या आतल्या बाजूला छिन्नीने पाडलेल्या खाचा. तळीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागली तर पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागेल. हे काम कार्यक्रमाच्या निदान दोन आठवडे आधी उरका, कारण टाकी लावल्यावर दगडाची कच निघत राहते. मूठ-मूठ कोंडा किंवा हलकं धान्य तीन-चार वेळा दळून फेकून द्या. मग थोडं पीठ पाण्यात कालवून वाटी तिरकी करा. तळाशी कण बसले तर अजून दळायचं. हे न करता पहिल्याच पिठाची भाकरी पाहुण्यांना वाढली की दातांखाली वारसा येतो.

धान्य म्हणून नाचणी किंवा ज्वारी घ्या आणि आदल्या दिवशी ऊन दाखवा. ओलसर धान्य तळ्यांमध्ये लिंपून बसतं. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायची धान्याची मूठ, छोटी आणि सारखी घालायची. हौशी माणूस पसाभर ओततो, जातं जड होतं, मग तो दोन्ही हातांनी रेटतो आणि खुंटा पुन्हा ढिला होतो. वेळेचा हिशेबही आधी करा. साठ माणसं आणि प्रत्येकाला तीन मिनिटं म्हणजे सरळ तीन तास. दोन जाती लावा, नाहीतर रांग मोडून सगळे चहाकडे वळतात.

ओव्यांसाठी लाउडस्पीकर नको. आसपासच्या चाळींत, इमारतींत ओव्या येणाऱ्या आज्या अजून सापडतात. त्यांना माइकपुढे उभं केलंत तर चार ओळींत आटपतात. जात्याशी बसवलंत तर हात फिरायला लागतो आणि मग ओवी आपोआप येते. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी विचारा आणि नाव लावायचं की नाही तेही त्यांनाच ठरवू द्या. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर या संशोधकांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत. स्वयंसेवकांनी त्यातल्या काही आधी ऐकून ठेवल्या तर आजींना नीट प्रश्न तरी विचारता येतील.

भात कांडायचं असेल तर भात थेट शेतकऱ्याकडून आणा. कर्जत, पालघर लांब नाहीत. बियाण्याच्या दुकानातलं भात चुकूनही नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. दाणा दाताखाली कट्कन तुटला तर वाळलेला समजा, दबला तर अजून ऊन हवं. उखळ अर्ध्यापर्यंतच भरा. कांडलं की तूस सुटतं, पाखडून पुन्हा सडलं की कोंडा निघतो. ही दोन कामं वेगळी आहेत, कार्यक्रमातल्या माहितीच्या पाट्यांवर ती सर्रास एक केलेली दिसतात. किलोभर भातात साधारण २०० ग्रॅम तूस असतं, तेव्हा ६५०-७०० ग्रॅम तांदूळ मिळाला तर हात चांगला. कणी फार पडली तर भात जास्त वाळलं होतं किंवा मुसळ रागाने पडत होतं. आणि पाखडताना हॉलचे पंखे बंद. नाहीतर तूस पहिल्या रांगेच्या डोळ्यांत.

सारवण टाइल्सवर करू नका, पापुद्रे निघतात. ताडपत्रीवर चार बाय चार फुटांची लाकडी चौकट ठेवून तिच्यात दोन इंच लाल माती भरा, पाणी शिंपडा आणि चोपण्याने चोपा. माती शंभर किलोच्या पुढे जाते, म्हणून चौथ्या मजल्यावर हा बेत नको. चार-पाच दिवस वाळू द्या, पडलेल्या भेगा शेण-मातीच्या काल्याने बुजवा. वरून सारवायच्या हाताला दीड किलो ताजं शेण पुरतं. तबेल्यातून आणलंत तर त्यातल्या काड्या वेचा. काला ताकासारखा पातळ झाला तर माती वर येते, जाड झाला तर वाळून खपल्या धरतो. लांबच्या कोपऱ्यापासून अर्धगोल हात फिरवत मागे सरकायचं. बोटाला जखम असलेल्याने हात घालू नये, धनुर्वाताचा धोका असतो.

वारली चित्रांबद्दल थोडं कडक बोलतो. मगवर नाचणारी माणसं काढून घेणं ही हस्तकलेची शिकवणी झाली. मूळ चित्र लग्नाच्या चौकाचं, म्हणजे चौकोनी मंगल आकृतीचं, सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेलं, मध्ये पालघट देवी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते याच परंपरेतून आलेले. आरे कॉलनीतल्या पाड्यांवर वारली कुटुंबं राहतात. त्यांना बोलवा, मानधन आधी ठरवा आणि चौक काय असतो ते त्यांनाच सांगू द्या.

मुंबईत गाव कुठलं, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच. दहिसर आणि मुलुंड १९५७ पर्यंत मुंबईच्या हद्दीतच नव्हते. वडाळा, चिंचपोकळी, फणसवाडी ही नावं झाडांची. हे भाषणात सांगण्यापेक्षा गावठाणातून फेरी काढा. सकाळी सात वाजता, वीसच माणसं, गल्ल्या अरुंद आहेत. रविवारी चर्चमधल्या मिसाची, म्हणजे प्रार्थनेची, वेळ टाळा. माझगावची म्हातारपाखाडी असो की वांद्र्याचं रणवार, तिथे लोक राहतात, खिडकीतून आत फोटो काढायचे नाहीत.

उसन्या आणलेल्या प्रत्येक वस्तूला सुताने चिठ्ठी बांधा, चिकटपट्टी लाकडाचा रंग ओढते. चिठ्ठीवर त्या घरातलं वस्तूचं नाव, गाव आणि ती शेवटची कधी वापरली ते लिहा. घरच्या माणसासमोर जुने तडे वहीत नोंदवून दोघांनी सही करायची, परत देताना तीच वही उघडायची. जातं परत करताना तळ्यांमधलं पीठ कुंच्याने झाडा, पाण्याने धुऊ नका. ओलं पीठ टाकीच्या खाचांत बसतं, आंबतं आणि पुढच्या वर्षी जातं उघडलं की आधी पोरकिडे भेटतात.