वहीतल्या रेघा आणि रविवारचं बास्केटबॉल

नोव्हेंबरात सुरू केलेला मुलांचा रविवारचा खेळ फेब्रुवारीपर्यंत टिकला, म्हणून ही नोंद. तुमच्याकडेही एखादं मैदान आणि दहा-बारा मुलं असतील, तर यातलं काही उपयोगी पडेल.

जागा नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या कॉलनीचं सिमेंटचं कोर्ट. वेळ सकाळी सात. मुलं-मुली मिळून १२ जण, वय ८ ते १३. चेंडू ५ नंबरचे. घरातला मोठ्यांचा ७ नंबरचा चेंडू आणू नका. तो ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो, ५ नंबरचा ५०० ग्रॅमच्या आत. आठ वर्षांच्या मनगटाला हा फरक लगेच कळतो.

मी स्वतः शाळेच्या टीममध्ये दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत सामन्यात एकदाच उतरले, शेवटची दीड मिनिटं, आम्ही वीस गुणांनी मागे असताना. बाकी सगळा वेळ इतरांचे स्वेटर मांडीवर घेऊन बाकावर. त्यामुळे पहिल्याच रविवारी ठरवून टाकलं होतं की आपल्याकडे बाकावर कोणी कुजायचं नाही. पाच विरुद्ध पाच, दोघं बाहेर, दर तीन मिनिटांनी शिट्टी आणि अदलाबदल. घड्याळ माझ्या हातात. सगळ्यांना सारखी मिनिटं मिळाली आणि मी समाधानाने घरी गेले.

तिसऱ्या रविवारी शेजारचे नाना कट्ट्यावर येऊन बसले. ते निवृत्त पीटी शिक्षक. त्यांना म्हटलं, "नाना, तुम्ही गुण लिहाल का?" ते म्हणाले, "गुण मुलांच्या लक्षात राहतात. मी दुसरंच काहीतरी मोजतो." त्यांनी वहीत बारा नावं लिहिली आणि ज्याच्या हाताला चेंडू लागेल त्याच्यापुढे रेघ मारत गेले. चार उभ्या, पाचवी आडवी. खेळ संपल्यावर वही माझ्यापुढे धरली. सातवीतल्या उंच मुलाच्या नावापुढे ६१. चष्मेवाल्या मुलीपुढे ४. सगळ्यात लहान मुलापुढे ३, आणि त्यातली एक चेंडू कोर्टाबाहेर गेल्यावर तो उचलून आणल्याची.

मिनिटं सगळ्यांची सारखीच होती. ते लहान पोर वीस मिनिटं या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होतं, हात वर करून "मला, मला" म्हणत होतं, आणि आम्ही त्याला कच्चा लिंबू करून ठेवलं होतं. मला ती वही पाहून फार वाईट वाटलं. शाळेत बाकावर बसलेली मी निदान सगळ्यांना दिसत तरी होते.

मग एकेक बदल करत गेलो.

पहिला बदल, तीन विरुद्ध तीन. एकाच कोर्टावर दोन खेळ, प्रत्येकी एक रिंग, बाहेर कोणीच नाही. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हा प्रकार पहिल्यांदा खेळवला गेला. नियम सुटसुटीत आहेत: आतून बास्केट पडली तर १ गुण, रिंगसमोर जमिनीवर आखलेल्या कमानीच्या बाहेरून २, दहा मिनिटं किंवा २१ गुण, जे आधी होईल ते. चेंडू मिळाला की आधी कमानीबाहेर काढायचा, मग हल्ला. तिघांतच खेळ असल्यामुळे पास द्यायला माणूस शोधावा लागतो आणि समोर तोच लहान मुलगा उभा असतो. पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे १७ रेघा पडल्या.

दुसरा बदल, रिंगची उंची. यावर पालकांशी बरंच बोलावं लागलं. एका बाबांचं म्हणणं, "खाली रिंग लावली तर खरा खेळ कधी शिकणार?" मी त्यांना दहा फुटांची गोष्ट सांगितली. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ बसवला, तेव्हा पीचच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून रिंगही दहा फुटांवर. खेळणारे होते अठरा तरुण. आठ वर्षांच्या मुलांचा त्यात कुणी विचारच केला नव्हता. मिनी बास्केटबॉलमध्ये मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर असते, म्हणजे साधारण साडेआठ फूट. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सळई वाकवून ४५ सेंटीमीटरची रिंग करून घेतली, मागे प्लायचा बोर्ड दिला आणि एका खांबाच्या पाठीमागच्या बाजूला क्लॅम्पने बसवली. तिकडे सिमेंटची मोकळी जागा होतीच.

चष्मेवाली मुलगी तोवर चेंडू मिळाला की लगेच दुसऱ्याला देऊन टाकायची. खालच्या रिंगवर पहिल्या दिवशी ती थांबली. चष्मा बोटाने वर सरकवला, दोन्ही हातांनी चेंडू पोटाजवळ धरला, गुडघे वाकवले आणि खालून वर उचलून टाकला. चेंडू रिंगच्या कडेवर आपटला, उडाला, पुन्हा कडेवर पडला, थोडा फिरला आणि आत गेला. ती तिथेच उभी. ओरडली समोरच्या टीममधली मुलगी. मग सगळेच ओरडले. पुढच्या पाच मिनिटांत तिने सहा वेळा टाकला. एकही गेला नाही, पण तिला त्याचं काहीच नव्हतं.

डिसेंबरातली एक बारीकशी गोष्ट. नाशिकच्या थंडीत सकाळी चेंडू मेल्यासारखा उसळतो, कारण आतल्या हवेचा दाब उतरतो. लहान मुलांचा ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, त्यामुळेच सुटत होता आणि आम्ही त्यांनाच सांगत होतो, जोर लाव. डोक्याच्या उंचीवरून सोडला की कमरेपर्यंत उसळायला हवा. तेवढा पंप मारून ठेवा. उन्हं वर आली की थोडी हवा काढा.

फाउलसाठी माझी शिट्टी जानेवारीत बंद केली. ज्याच्याकडून धक्का लागला त्यानेच हात वर करायचा. पहिले दोन रविवार नुसती भांडणं, ती लिहीत बसत नाही. संक्रांतीनंतर एकदा उंच मुलाने बास्केट पडल्यावर हात वर केला. आम्हा कुणालाच काही दिसलं नव्हतं. म्हणाला, "काकू, माझं कोपर लागलं तिला." गुण परत दिला. त्या दिवसापासून हात वर व्हायला लागले.

टीम पाडण्याचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. दोन कॅप्टन एकेकाला निवडत आणि शेवटी उरलेलं मूल बुटाने सिमेंट खरवडत उभं राहायचं. मी चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, तर एकदा तिन्ही मोठे एकाच बाजूला. नानांनी जुना उपाय काढला: सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करायची, कोपऱ्यात जाऊन गुपचूप नावं ठरवायची, गळ्यात हात टाकून यायचं आणि दोन्ही कॅप्टनना विचारायचं, "कोण घेतो द्राक्ष, कोण घेतो कांदा?" त्यांच्या लहानपणी गल्लीत कबड्डीला असेच भिडू वाटले जायचे. आमची मुलं आता दर आठवड्याला नवी नावं काढतात, मिसळ-पाववडा, पंचवटी-पाथर्डी फाटा. आपल्या तोडीचं कोण हे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. शेवटी कुणी उरतच नाही.

मागच्या रविवारी एकाच्या मामांनी दिंडोरीहून द्राक्षांची क्रेट आणली होती, खेळानंतर खायला. त्या दिवशी जोड्या लागताना उंच मुलगा एकटाच उभा राहिला. त्याच्या तोडीचं कोणी नव्हतं. माझ्याकडे आला, "काकू, मला जोडी कोण?" मला उत्तर सुचेना. तेवढ्यात सगळ्यात लहान मुलगा आणि चष्मेवाली त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. "आम्ही दोघं मिळून एक," लहान म्हणाला. तिने पुढे घातलं, "आणि तू फक्त डाव्या हाताने टाकायचं."

तो क्षणभर विचारात पडला. मग उजवा हात पाठीमागे नेला, डाव्या हाताने चेंडू दोनदा आपटून पाहिला आणि तिघंही नावं ठरवायला खांबामागे गेले.