एअर पिस्तूल सरावनोंद: गुणांच्या शेजारी भरवशाचा रकाना

वहीत आता गुणांच्या शेजारी एक नवा रकाना आहे. दर १० शॉटच्या सिरीजआधी त्यात लिहायचं: यातले किती शॉट ठरलेल्या पद्धतीने सुटतील? किती शॉटना १० गुण मिळतील, हे नाही. सिरीज संपली की शेजारी खरा आकडा.

पद्धतीने सुटलेला शॉट म्हणजे साइटवर (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणेवर) नजर स्थिर, हात टार्गेटवर आल्यापासून ८ सेकंदांत ट्रिगर, २ सेकंद फॉलो थ्रू (शॉटनंतरही हात आणि नजर तशीच ठेवणं), आणि गुण दाखवणारा मॉनिटर बघण्याआधी शॉट कुठे गेला ते मनाशी सांगणं. यातलं काही राहिलं तर १० लागूनही तो धरायचा नाही.

दोन आकड्यांमधली तफावत बोलकी असते. ९ लिहून ५ आले, तर सराव मोजून झालेला नाही. ५ लिहून ८ येत असतील, तर कौशल्य पुढे गेलंय आणि विश्वास मागे राहिलाय. आमच्या मते जास्त लक्ष या दुसऱ्या नेमबाजाकडे हवं. सामन्यात तोच पिस्तुलाचा हात टार्गेटवर धरून ठेवतो, १२-१३ सेकंद ताणतो, डोळा थकतो आणि शेवटी ट्रिगर हिसकतो. उजव्या हाताचा असेल तर शॉट बहुधा खाली डावीकडे. उपाय एकच: वेळ संपली की हात खाली. हात खाली घेणं हाही वहीत बरोबर निर्णय म्हणून लिहायचा.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः केलेलं काम, दुसऱ्याला करताना पाहणं, इतरांचं सांगणं आणि शरीराच्या खुणांचा लावलेला अर्थ. पहिला सगळ्यांत भक्कम, वही त्याचाच पुरावा. "तू करशीलच" हे इतरांचं वाक्य ७ गुणांचा पहिला शॉट लागेपर्यंतच टिकतं. पाहायचंच तर आपल्याच पातळीचा, थोडा पुढे असलेला नेमबाज पाहावा.

चौथा स्रोत रेंजवर सर्वांत जास्त घात करतो. छाती धडधडते, पुढची साइट जास्त हलते, आणि "आज तयारी नाही" असा अर्थ लावला जातो. खरं तर १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं, ९ चं २७.५ मिमीचं; हलत्या साइटनेही सरळ मागे दाबलेला ट्रिगर सहसा टार्गेटच्या मधल्या काळ्या भागातच राहतो. पटवून घ्यायला दोन मजले जिने चढून लगेच १० शॉट मारावेत, आठवड्यातून एकदा. गुण घसरतात, पण भीती वाटते तेवढे नाहीत.

बिघाडाचीही तालीम हवी. टोकियो ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीत बिघडलं. ती ५७५ गुणांवर १२वी राहिली. पॅरिसमध्ये २०२४ साली याच प्रकारात २२१.७ गुणांसह कांस्य. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर "असं झालं तर": शॉट सुटला नाही तर पिस्तूल सुरक्षित दिशेलाच ठेवून हात वर करायचा, रेंज अधिकाऱ्याला बोलवायचं, परत आल्यावर आधी दोन श्वास, मगच पेलेट (छर्रा) भरायचा.

पुढचा टप्पा सामन्याआधीच्या १५ मिनिटांचा. पहिली ४ मिनिटं ड्राय फायर (पेलेट न भरता ट्रिगर दाबणं), मग साइटर (गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट) तीन-तीनच्या गटांत. साइटचं क्लिक (नेम सरकवायचा टप्पा) बदलायचं ते गट बघून, एका शॉटवरून कधीच नाही. शेवटच्या मिनिटाला पिस्तूल टेबलावर, आणि रकान्यात पहिल्या सिरीजचा आकडा.