आमची वाटचाल : जुन्या कोंबड्या, नव्या तलंगा

अंड्यांच्या धंद्यात कोंबडीचं वय हेच सगळं गणित. पहिल्या वर्षी ती भरभरून घालते, दुसऱ्या वर्षी हात आखडते, तिसऱ्या वर्षी निव्वळ दाणे खाते. म्हणून दरवर्षी कळपात तलंगांची, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांची, नवी भर घालावीच लागते. दापोली तालुक्यातल्या आमच्या छोट्या व्यवसायात गिऱ्हाईक मिळवणं त्यामानाने सोपं गेलं. डोकं लागलं ते नव्यांना जुन्यांत बसवायला.

सुरुवात सासूबाईंच्या खुराड्यातून झाली. त्यांना या प्रश्नाची कधी गरजच पडली नाही. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसू लागली, की तिच्याखाली अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. ती आईच्या पंखाखाली वाढायची आणि कुणी चोच उगारली तर आई अंगावर धावून जायची. कळपाला ती पिल्लं पहिल्या दिवसापासून ठाऊक असत. बाहेरून आणलेली एका दिवसाची पिल्लंसुद्धा सासूबाई रात्रीच्या अंधारात खुडूक कोंबडीखाली सारत. "सकाळी तिला काय मोजता येतंय गो?" असं म्हणायच्या. पण एका कोंबडीखाली मावून मावून दहा-बाराच.

मुरुड, कर्दे, लाडघरचे घरगुती निवासवाले रोज अंडी मागू लागले तेव्हा तेवढ्यावर भागेना. आम्ही वनराजा आणि ग्रामप्रियाची पिल्लं आणायला लागलो. दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी काढलेल्या; ग्रामप्रिया अंड्यांना सरस. आता आई नव्हती, नुसता उबेचा बल्ब होता. म्हणजे खुडूक कोंबडी जे संरक्षण आणि जी ओळख फुकटात देत होती, ती आम्हाला शेडमध्ये उभी करावी लागणार होती.

कोंबड्यांत चोचीचा क्रम असतो: कोण कुणाला टोचणार आणि कुणी मुकाट बाजूला व्हायचं, हे ठरलेलं. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकात तो मांडला, पण आमच्या आळीतल्या कुठल्याही आजीला तो माहीत आहे. नवा पक्षी आला की हा क्रम पुन्हा ठरतो. तो ठरू द्यावाच लागतो. फक्त त्यात रक्त निघता कामा नये. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचतात. जखमेवर आम्ही जांभळं औषध लावतो, लाल रंग झाकला जातो.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात शेडचे पत्रे उडाले. जुन्या कोंबड्या आणि अर्धवट वाढलेल्या तलंगा, सगळ्यांना एकाच गोठ्यात कोंबावं लागलं. आता जबर मारामारी होणार, असं वाटलं होतं. झाली, पण अगदी बेताची. गोठा कुणाच्याच हक्काचा नव्हता! तेव्हापासून मिसळण्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेडमधल्या बसायच्या दांड्या, खोकी, भांडी सगळ्यांची जागा बदलतो. जुन्यांनाही थोडं परकं वाटलं पाहिजे.

पिल्लं दसऱ्याच्या सुमारास येतात. पाऊस ओसरलेला, शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस कोरडं राहतं. पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मानमोडी, गंबोरो आणि देवीच्या लसी वेळच्या वेळी. या काळात त्यांचं घर लांब, आणि कामाचा क्रम ठरलेला: आधी पिल्लं, मग मोठ्या, उलट कधीच नाही. मोठ्या कोंबड्या वरून धडधाकट दिसतात, पण रक्ती हगवणीचे जंतू त्यांच्या विष्ठेतून पडत असतात आणि ओल्या तुसात लहानांना गाठतात. पावसाळ्यात मिसळायचं नाही, हा आमचा नियम त्यातूनच आला.

साधारण दोन महिन्यांच्या झाल्या की त्याच शेडमध्ये मधे जाळी लावून तलंगा पलीकडे. दिसतात, ऐकू येतात, टोचता येत नाही. दोनेक आठवडे असेच जाऊ देतो. मग एका रात्री जाळी काढून त्यांना दांडीवर नेऊन बसवतो. सगळ्या एकदम, दोन-चार सोडल्या तर त्यांचीच शिकार होते. भिंतींना नारळाचे झाप तिरके टेकवून ठेवतो, दबलेलीला मागे पळायला जागा. दाण्या-पाण्याची भांडी जास्तीची आणि लांब लांब कोपऱ्यांत, म्हणजे एकटी दांडगी सगळ्यांवर पहारा करू शकत नाही. तरीही एखादी हटत नाही. तेव्हा मार खाणारीला उचलू नये, मारणारीला उचलावं. चार दिवस वेगळी ठेवली की परत येईपर्यंत तिचा कळपातला रुबाब उतरलेला असतो.

खाद्याचा पेच वेगळाच. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम. ते वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. एका शेडमध्ये दोन पंगती मांडणं अशक्य. म्हणून मिसळल्यावर सगळ्यांनाच वाढीचं खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा. खाडीकाठी शिंपल्यांना काय तोटा! ज्यांना कवचासाठी हवा, त्या बरोबर तिकडे वळतात.

मिसळलं की काही दिवस अंडी घटतात. त्यामुळे हे काम नाताळ-नववर्षाची गर्दी उलगडल्यावर, जानेवारीत. शिमग्याला चाकरमानी येईपर्यंत कळप शांत होतो, मार्चमध्ये तलंगा घालू लागतात आणि मे महिन्याच्या मागणीला पुऱ्या पडतात. त्यांची पहिली अंडी लहान असतात. ती मोठ्यांत मिसळून खपवायची नाहीत, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. वेगळ्या ट्रेमध्ये, कमी दराने देतो. न्याहारीला उकडून वाढणारे घरगुती निवासवाले आता तीच आधी मागून ठेवतात.