आमची वाटचाल : पेपर कितीला?

दापोली-गुहागर पट्ट्यात कलमांच्या नर्सऱ्यांना आम्ही पॉलीहाऊस उभारून देतो. मेव्हण्यांचं वेल्डिंग आणि माझी धावपळ, एवढ्यावर धंदा सुरू झाला. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "पेपर कितीला?" पेपर म्हणजे पॉलीहाऊसच्या पाइपच्या सांगाड्यावर ताणायचं प्लॅस्टिक. कुठला, हे कोणी विचारत नाही.

बरी वर्षं गेली. मग घाटावरचा एक ठेकेदार उतरला. २०० मायक्रॉन जाडीचा, उन्हात टिकणारा यूव्ही पेपर म्हणून द्यायचा, दर आमच्यापेक्षा कितीतरी खाली. माझ्या खिशात जाडी मोजायचा मायक्रोमीटर असतो; गिऱ्हाइकासमोरच लावला, तर दीडशेसुद्धा भरेना. "असू दे हो, स्वस्त तर आहे!" वर्षभरात पेपर पापडासारखा मोडला आणि गावोगाव बोभाटा झाला की कोकणात पॉलीहाऊस चालत नाही. त्यात आम्हीही भरडलो. तुमच्याकडे मायक्रोमीटर नसेल तर एक चौरस मीटर तुकडा वाण्याच्या काट्यावर टाका. २०० मायक्रॉनचा असेल तर १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो.

त्यातून सावरतोय तोवर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आम्ही उभारलेलं बरंचसं आडवं झालं, उधारी बुडाली, मेव्हणे पुण्याला नोकरीला गेले. अजून त्यांनी सोडलेला वेल्डिंग सेट मी कोणाला हात लावू देत नाही.

तगलो ते एका बागायतदार भाऊंमुळे. वारा चढताच त्यांनी कोयत्याने स्वतःच पेपर फाडून टाकला. वारा आरपार गेला, सांगाडा जागेवर राहिला. वादळानंतर गावात वीज परत आलेली नव्हती तेव्हा नव्या पेपरचे आगाऊ पैसे घरी आणून दिले. म्हणाले, "पेपर गेला तरी चालेल, पाइप राहिला पाहिजे, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

आता पेपरऐवजी पॉलिकार्बोनेटच्या कडक पत्र्यांची हौस आली आहे. टिकतं, पण खर्च कितीतरी जास्त, आणि आपल्या पावसात शेवाळ धरतं ते घासायला माणूस कुठून आणणार? कोय कलमांना (कोयीच्या कोवळ्या रोपावर बांधलेल्या) पेपरच घ्या, पण आतल्या वाफेचे थेंब न गळणारा. थेंब कलमाच्या जोडावर पडत राहिले की जोड कुजतो. जुलै-ऑगस्टला उजेड आधीच कमी, तेव्हा सावलीची हिरवी नेट गुंडाळून ठेवा. पाइप तापतो तिथेच पेपर आधी जातो, म्हणून टेकतो तेवढ्या पट्ट्याला पांढरा रंग द्या. खाऱ्या वाऱ्यात पेपर अडकवायची झिगझॅग स्प्रिंग गंजते, तर कोटिंगवालीच मागा.

तो ठेकेदार हल्ली सोलर पंप बसवतो म्हणे. आमच्याच एका गिऱ्हाइकाने घेतला. बंद पडला की फोन मला येतो.