आधी पातेलं विचारते

मला सीलियाक आहे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की माझीच रोगप्रतिकारशक्ती माझ्या लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. यावर औषध नाही. पथ्य हाच इलाज, तोही जन्मभराचा. प्रवासाला निघाले की कुणीतरी म्हणतंच, "अगं, एखाद्या दिवशी थोडं खाल्लंस तर काय होतंय?" होतं. युरोपात आणि अमेरिकेत पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून कल्पना करा. दुसऱ्याच्या टोस्टरमध्ये राहिलेला पावाचा चुराही मला महाग पडतो.

म्हणून परदेशात जेवायला बसले की पदार्थात काय घातलंय हे मी नंतर विचारते. आधी विचारते ते पातेलं. बटाट्याच्या फ्राइजमध्ये बटाटा, तेल आणि मीठ एवढंच असतं, पण त्याच तेलात थोड्या वेळापूर्वी पावाच्या चुऱ्यात घोळवलेले मासे तळले असतील तर त्या फ्राइज माझ्या कामाच्या नाहीत. ग्लुटेनमुक्त पास्ता साध्या पास्त्याच्या पाण्यात उकळला की संपलंच. चाळणी, चिमटा, लाकडी पाट, ग्रिलची जाळी, सगळ्यांची चौकशी करावी लागते.

हे सगळं परक्या भाषेत बोलून होत नाही. मी कार्ड ठेवते. 'मला ग्लुटेन चालत नाही' एवढ्या एका वाक्याचं कार्ड फारसं उपयोगाचं नसतं, कारण सॉसला दाटपणा आणायला चमचाभर पीठ घालणाऱ्याच्या ते डोक्यातच येत नाही. माझ्या कार्डावर पीठ, पावाचा चुरा, सोया सॉस, माल्ट (बहुतेकदा मोड आणलेली बार्ली), बिअर अशी नावं लिहिलेली असतात आणि खाली विनंती: स्वच्छ भांडं, ताजं पाणी, वेगळं तेल. मजकूर ती भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. फोनमधल्या भाषांतरावर आतडं सोपवू नका.

इटलीत मला सगळ्यात निवांत जेवता येतं. तिथली सीलियाक रुग्णांची संघटना 1979 पासून काम करतेय, हॉटेलांच्या स्वयंपाक्यांना शिकवतेय. 2005 साली त्या देशाने सीलियाकसाठी स्वतंत्र कायदाही केला. एका छोट्या हॉटेलात वाढणाऱ्या बाईंनी माझं कार्ड वाचलं आणि तशाच आत गेल्या. स्वयंपाकी स्वतः बाहेर आला, हात पिठाने पांढरे. त्याने आधी तेच हात मला दाखवले. पिझ्झा नाही देणार म्हणाला, भट्टी एकच आहे आणि इथे हवेतसुद्धा पीठ असतं. पास्ता मात्र देतो. मग मला दारापर्यंत नेऊन भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगलेली लाल मुठीची चाळणी आणि तिच्याखालचं झाकण लावलेलं पातेलं दाखवलं. हात कोपरापर्यंत धुऊन तो कामाला लागला. तो पास्ता मी अगदी निर्धास्त खाल्ला, कारण त्याने पिझ्झाला नाही म्हटलं होतं. याच प्रवासात दुसरीकडे कार्डाकडे न बघताच "हो हो, सगळं चालेल" असं उत्तर आलं होतं. तिथून मी पाणी पिऊन उठले. ज्याला आपल्या स्वयंपाकघरात काय जमत नाही हे ठाऊक आहे, त्याच्याच हातचं मी खाते.

जपान अवघड आहे, आणि तरीही मला तिथे पुन्हा जायचंय. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, आणि सोया सॉस कशात नसतो? पाण्याऐवजी पुढ्यात येतो तो थंड चहा बऱ्याचदा बार्लीचा. सोबा नूडल्स बकव्हीटच्या (म्हणजे कुट्टूच्या, तो गहू नव्हे), म्हणून लोक सुचवतात, पण त्यात गव्हाचं पीठ मिसळायची पद्धत आहे. नुसत्या बकव्हीटच्या 'जुवारी' सोबासुद्धा गव्हाच्या उदोन नूडल्सच्या पाण्यात शिजल्या की फुकट. पाकिटांवर गहू लिहिणं तिथे सक्तीचं आहे, बार्लीचं तसं नाही. मी 'मुगी' हे एक चित्राक्षर ओळखायला शिकले. गहू, बार्ली, राय, माल्ट या सगळ्यांच्या नावात ते येतं. बकव्हीटच्या नावातही येतं, म्हणजे कधीकधी चालणारी वस्तूही हातून सुटते. सुटू दे. बिनगव्हाच्या तामारी सॉसची छोटी बाटली पर्समध्ये असते. मिठात भाजलेला मासा आणि साधा भात, त्यावर ती तामारी, हे जेवण मला मनापासून आवडतं.

देशागणिक लेबलचे नियम बदलतात, हे निघण्यापूर्वी बघून ठेवावं. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून सुट्या, हॉटेलात वाढलेल्या पदार्थांचीही ॲलर्जीची माहिती द्यावी लागते. यादीत 14 गोष्टी आहेत, ग्लुटेनची धान्यं त्यात येतात. अमेरिकेच्या ॲलर्जीच्या यादीत गहू आहे, बार्ली आणि राय नाहीत, म्हणून तिथे 'माल्ट' शोधत पूर्ण यादी वाचायची. अर्जेंटिनात 'सिन ताक' (Sin TACC, धान्यांच्या स्पॅनिश नावांची आद्याक्षरं) लिहिलेलं दिसलं की झालं: गहू, ओट, बार्ली, राय यांपैकी काही नाही. ओटचं तर वेगळंच आहे. काळजीपूर्वक वेगळे ठेवलेले ओट युरोपात ग्लुटेनमुक्त म्हणून विकता येतात, ऑस्ट्रेलियात ते लेबल ओटला लावताच येत नाही. मी ओटच्या वाटेलाच जात नाही.

विमानातलं खास जेवण एक-दोन दिवस आधी सांगावं लागतं, आणि विमान बदललं तर ती सूचना पुढे जाईलच असं नाही. त्यामुळे हातातल्या बॅगेत दोन वेळा पुरेल एवढं खाणं असतंच: तांदळाचे क्रॅकर्स, भाजलेले दाणे, सुकामेवा, सगळं मूळ पाकिटात. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, वैद्यकीय कारणासाठीच्या खास अन्नाला 2 किलोपर्यंत सूट आहे. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही असेल ते उतरल्यावर जाहीर करायचं. डॉक्टरांचं पत्र पासपोर्टच्याच कप्प्यात ठेवते, म्हणजे रांगेत शोधाशोध होत नाही.