मे-जूनचं काय

सोमवार, ९ जून २०२५

मृग लागून गेला, पावसाचा पत्ता नाही. मुंबईत म्हणे २६ मेलाच पोचला, तिथंच रमला असेल.

आनंद व्हायला पाहिजे होता, तो झाला नाही. कशामुळं, ते कळेना म्हणून लिहायला बसले. लाइट आहे तोवर लिहून घेते.

जेवताना सहज बोलून गेले की कॉन्व्हेंटच्या मॅडमनी शिकवायला बोलावलंय. शाळेच्या दिवसांतच जायचं, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, सगळ्या सुट्ट्या पोरांसोबतच. मोठीनं हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे मे महिन्यात तू घरी? पूर्ण महिना?" लहान्याला काय कळलं देव जाणे, ताई खूश म्हणून तोही ताट वाजवायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "बरं होईन बाप्पा, कुरड्यायले हात मिळन." हे म्हणाले, "पाय तुह्या मनानं," म्हणजे तुझं तू ठरव, अन् वरण मागितलं.

मी वरण वाढलं. सगळ्यांकडं पाहून हसले पण. आत मात्र काहीच हललं नाही. पोरगी एवढी हरखते अन् आईच्या मनात येतं ते हे, की मेमध्ये खताच्या दुकानात माझ्या जागी कोण बसेल?

हे काही बरं लक्षण नाही.

तशी नोकरी कुणाला सांगावी अशीच आहे. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित. बी.एस्सी., बी.एड. करून सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून ठेवली, ती एकदाची बाहेर निघतील. सरकारी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहणं तर केव्हाच सोडलं. माहेरी फोन केला तर आई म्हणे, "आता कशी मास्तरीण शोभशीन, ते खताचं दुकान काय बाईमाणसाचं आहे का!" इतकी वर्षं त्याच दुकानातून दर महिन्याला काही ना काही तिकडं गेलं, तेव्हा ते कुणाचं होतं ते मी विचारलं नाही.

हिशोब मी दुपारीच केला होता, बिलाच्या पाठीमागं. दुकानात नऊ हजार, बारा महिने. १,०८,०००, वर दिवाळीचं पाकीट. शाळेत अकरा हजार, दहा महिने. १,१०,०००. म्हणजे वर्षाला दोन हजार जास्तीचे, अन् पाकिटात तेवढे तर येतातच. ऐकायला नऊचे अकरा झाले, खरं पाहिलं तर जिथल्या तिथं. वरून "स्टाफच्या मुलांना अर्धी फी माफ." माझी दोघं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, तिथं फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी आहे. त्यांना इकडं आणलं तर अर्धी माफ म्हणजे अर्धी लागू. नाही आणलं तर मग सोबत जायचं-यायचं जे सुख सगळे सांगतात ते कुठं राहिलं? आणि तिथल्या सरांना काय तोंड दाखवू, आधीच पटसंख्येची बोंब. तो विषय आज नको.

मी मॅडमना विचारलंच होतं, मे-जूनचं काय. त्या अगदी गोड बोलल्या. "शाळाच बंद तर पगार कशाचा, ताई? आणि तुमचे मिस्टर आहेत ना!"

आहेत. पाच एकरासकट आहेत.

यातलं काहीच त्या मॅडमना ठाऊक असायचं कारण नाही. पण आमच्या घरी पैसा येतो दसऱ्यानंतर. आधी सोयाबीन निघतं, मग सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होऊन कापूस घरी यायला लागतो, तो जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. गेल्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता, आमचं गेलं त्याच्या पुष्कळ खाली, गरज होती म्हणून. होळीपर्यंत बरं चालतं. मग एक एक डबा खाली होत जातो, अन् मे उजाडला की खर्च रांगेत उभे. बियाणं, खत, वखरणीचं ट्रॅक्टर, टिनाला पडलेलं भोक, वह्या, दप्तर, एक ना एक लग्न. म्हणजे वर्षातले जे दोन महिने घराला माझ्या पगाराची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच दोन कापून मला आराम द्यायचा आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं उशिरा उघडतात, बाकी महाराष्ट्राची १६ तारखेला, आमची २३ ला. म्हणजे बिनपगारीचा आठवडाही आम्हालाच जास्तीचा.

एकीनं सांगितलं, लाडक्या बहिणीचे दीड हजार आहेत ना तुले. हो आहेत. त्यात गॅस अन् तेल येतं, मे महिना येत नाही.

आणि मला मागता येत नाही. हे लिहायचं नव्हतं, पण खरं तेच आहे. पाचशे पाहिजेत म्हणून यांच्यापुढं उभं राहायचं, ते खिशात हात घालून आधी "कायले?" विचारणार, अन् मी सांगणार. वाईट मनानं विचारत नाहीत, सवयीनं विचारतात. लग्नानंतरची पहिली वर्षं मी तेच केलं, बांगड्या भरायलासुद्धा. ते जाऊ दे. दुकानात लागल्यापासून "कायले" बंद झालं. उलट आता तेच कधीमधी विचारतात, "पाचशे आहेत का वं?" अन् मी, कबूल करायला हरकत नाही, एकदा तरी "कायले?" म्हणून घेते.

आज दुकानात आमचं पान उघडून पाहिलं. उधारीच्या वहीत यांच्या नावानं पान आहे, अक्षर माझंच. बीटी कापसाच्या बियाण्याची सहा पाकिटं, ९०१ प्रमाणे ५४०६. डीएपी खताच्या तीन बॅगा, १३५० प्रमाणे ४०५०. बेरीज ९४५६. सोयाबीनचं बियाणं घरचंच, ओल्या पोत्यात शंभर दाणे टाकून उगवण पाहिली, चांगली आली. हे ९४५६ जुलैपासून माझ्या पगारातून थोडे थोडे कटतील, बिनव्याजी. दुसऱ्या कुणाला शेठजी असं देत नाहीत. दुकान सोडलं तर हे पान एका दिवसात चुकतं करावं लागेल, अन् पुढच्या मृगात नवं पान कुणी उघडून देणार नाही.

हे यांना माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. बियाण्याची पाकिटं स्वतः घरी घेऊन आले. तरी "पाय तुह्या मनानं." भल्या मनानं म्हणाले की आपल्या तोंडून नाही म्हणायचं नाही म्हणून? दोन तास झाले, तेच वाक्य उलटून पालटून पाहते आहे. विचारलं तर म्हणतील, मी कुठं काय म्हटलं.

आणि शाळेची नेमणुकीची ऑर्डर दर वर्षी नवी. एप्रिलमध्ये संपली की जूनमध्ये पुन्हा बोलावतील तेव्हा. आधी तिथं होती ती मैत्रीण सांगत होती, मेमध्ये ॲडमिशनसाठी गावोगाव फिरावं लागतं, घरोघरी पत्रकं घेऊन. त्याचा पगार? शाळा तर बंद असते ना! म्हणजे सुट्टी कागदावर, ऊन डोक्यावर.

इथपर्यंत लिहून वाटलं, झालं, पैशाचंच दुखणं आहे. पण तेवढंच असतं तर मघाशी दुकान का आठवलं असतं?

दुपारी एक म्हातारबाबा आले होते, खताला. मशीनवर अंगठा लावल्याशिवाय खत निघत नाही, अन् त्यांचा अंगठा उठेना. साठ-पासष्ट वर्षं विळा, बैल हाकायची तुतारी, कासरा धरलेलं बोट, त्याच्यावर रेषा राहिल्याच कुठं. मशीन लाल होते अन् मागची रांग कुरकुरते. मी गल्ल्याजवळ एक ओलं फडकं ठेवते. अंगठा पुसायचा, कोरडा करायचा, थोडा तिरपा करून दाबायचा. नाही झालं तर तर्जनी. नाही झालं तर डाव्या हाताचं मधलं बोट, ते बहुतेकांचं वाचलेलं असतं. बाबांचं डाव्या मधल्यावर उठलं. पावती निघाली तसे म्हणाले, "मागच्या डावाले तो पोट्टा बसला होता, त्यानं वापस धाडलं मले. तू आहे म्हून आलो, बाई." मग हळूच विचारलं, "पेरू का?"

मी म्हटलं, "थांबा बाबा. कृषीवाले सांगतात तसं पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पडू द्या. मेमधल्या ओलीवर भरवसा ठेवू नका, दुबार पेरणी झाली तर पाकीट पुन्हा नऊशेचं."

ते थांबतील. माझ्या शब्दावर थांबतील, हे मला ठाऊक आहे. घरात माझ्या शब्दावर कुकरची शिट्टीसुद्धा थांबत नाही.

तर असं आहे. मे-जूनमध्ये मी त्या दुकानात जी असते ती बाई मला आवडते. पाकिटाचा लॉट नंबर पाहून सांगणारी, पेरणीची घाई करणाऱ्याला बोंडअळीची भीती दाखवून थोपवणारी, चार गावच्या लोकांना नावानं ओळखणारी. आणि तिथं कूलर आहे, हेही लिहून टाकते. घरी मेमध्ये टिनाखाली दुपारी नुसतं बसवत नाही, त्यात सरगुंडे, पापड, पाहुणे, टँकरची वाट अन् दोन पोरांची भांडणं. माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीचं चित्र सगळ्यांनी आपापल्या सोयीनं काढून ठेवलंय. माझी खुर्ची त्यात चुलीजवळच आहे.

पण मग मोठीचं काय? ती पाचवीत जाईल आता. आणखी किती मे महिने ती "आई घरी" म्हणून हरखणार आहे? लवकरच मी घरी असले तर तिला अडचण होईल. हे मनात आलं अन् डोळे भरून आले, वही बाजूला ठेवून पाणी पिऊन आले. आता बरं आहे.

पाणी पिता पिता एक गोष्ट सुचली, अन् स्वयंपाकघरात एकटीच हसले. शाळा बंद असते तेव्हाच दुकान जोरात असतं. दहा महिने शाळा, दोन महिने दुकान. शेठजींना तरी बारा महिने मी कुठं लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही दोघं पेपर वाचत बसतो. मे-जूनचा पगार आला, वहीतलं पान राहिलं, फाइलमधलं सर्टिफिकेटही लागलं. सगळं जुळलं. फक्त ज्या सुट्टीसाठी ही नोकरी, ती सुट्टी तेवढी गेली! आई उन्हाळ्यात घरी नाही ती नाहीच.

बाकी अडचणी आहेतच. यंदासारखा पाऊस लांबला तर पेरणी पोचते जूनच्या शेवटाला, अन् २३ ला शाळा सुरू. पावसानं शाळेचं वेळापत्रक वाचलेलं नसतं. युरियाची गर्दी तर जुलैत. शेठजी म्हणतील, तेव्हा कोण? तेव्हा संध्याकाळी येते म्हणेन, शनिवारी दुपारून येते म्हणेन, रविवार पूर्ण. मॅडमना म्हणेन, पत्रकं वाटायला मला जमणार नाही, मेमध्ये मी कामावर असते. हे वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. बरं वाटतं म्हणायला.

मोठीला दुपारी दुकानात घेऊन जाईन. तिला बिलावर शिक्का मारायला आवडतो. लहान्याचं आवडणं धोक्याचं आहे, तो मागं खताच्या थप्पीवर चढतो, त्याला सासूबाईंकडंच ठेवावं लागेल. त्यांच्या कुरड्यांना हात मिळणार नाही तो नाहीच, वर एक पोरगा मिळेल.

यांना सकाळी सांगेन. "पाय तुह्या मनानं" म्हणाले तर यावेळी मात्र विचारणार आहे, तुमच्या मनात काय आहे ते आधी सांगा. उद्या वटपौर्णिमा आहे. सात जन्म मागून घ्यायच्या आधी या जन्मातल्या दोन महिन्यांचा सोक्षमोक्ष लागलेला बरा.

शेठजींकडं उद्या अर्ध्या दिवसाची सुट्टी मागणार होते, वडाला जायला. पण मे-जूनचं बोलायचं तर सुट्टी अन् हे, दोन्ही एकाच दिवशी मागणं शहाणपणाचं नाही. सुट्टी राहू दे. फेऱ्या पहाटेच मारून घेईन, नवाची बस आहेच.